बाग बंद, कचेरी चालू: लॉकडाऊनचे नियम असे का लिहिले गेले?

पहाटपाखरू

प्रभागाच्या आपत्ती आराखड्यावर नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत. साथीच्या प्रकरणात एका ओळीत लिहिलंय, "उद्याने, मैदाने, टेकड्या व मोकळ्या जागा बंद राहतील." लगेच खालची ओळ, "कार्यालये ठरावीक टक्के उपस्थितीत सुरू राहतील." म्हणजे २०२० चाच साचा पुन्हा काढलाय. हरकत घ्यायची आहे, पण "हा काय मूर्खपणा" एवढं लिहून भागणार नाही. मुद्दे आणि पर्यायी मसुदा द्यावा लागेल.

आत्तापर्यंत हाती लागलेल्या विसंगती:

मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडली तेव्हा सकाळी एकट्याने चालायला जाणं मात्र कुठल्याच यादीत नव्हतं. जून २०२० अखेर मुंबईत घरापासून दोन किलोमीटरची मर्यादा आली, पण ऑफिसला जाणाऱ्याला ती लागू नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास नको होता, स्वतःच्या गाडीने जायला हवा होता (तो ऑगस्टमध्येच रद्द झाला ना?). जून २०२१ च्या पाच स्तरांच्या निर्बंधांत तिसऱ्या स्तराला संध्याकाळी ५ नंतर संचारबंदी, आणि त्याच तक्त्यात मैदानी खेळांना ६ ते ९ परवानगी. जानेवारी २०२२ मध्ये किल्ले बंद, मॉल आणि नाट्यगृहं ५० टक्क्यांवर चालू.

प्रश्न तीन. हे ठरवत कोण होतं आणि कुठल्या अधिकारात? त्यामागे आजार पसरण्याचा काही हिशेब होता का? आणि कलम नीट लिहायचं तर कसं? राजकारण कृपया नको, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

तळटीप

आधी दुरुस्ती: ई-पास रद्द करणारा आदेश ३१ ऑगस्टचा, अंमल २ सप्टेंबर २०२० पासून. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्टला सुरू झाली. म्हणजे तेरा दिवस एसटीच्या बसला पास नको आणि दोघांच्या गाडीला हवा, अशी स्थिती होती.

आता "ठरवत कोण होतं". 'लॉकडाऊनचा नियम' अशी एक वस्तू नव्हतीच. एकाच फुटपाथवर एका वेळी चार कागद लागू असायचे. केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली. राज्याच्या मुख्य सचिवांचा आदेश, तोच कायदा अधिक साथरोग कायदा १८९७. त्याखाली पालिका आयुक्त किंवा जिल्हाधिकारी. आणि बाजूने पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा. केंद्राने घातलेली अट अशी की खालच्याने नियम हवे तर कडक करावेत, सैल करू नयेत. त्यामुळे वरून निघालेला कागद खाली येईपर्यंत आवळतच जायचा. कुठल्याही पायरीवर कोणी जादा बंदी घातली तर त्याला जाब विचारणारं कोणी नाही, पण जादा सूट दिली आणि रुग्ण वाढले तर नाव येणार. अशा वेळी अधिकारी काय करेल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. २४ मार्च २०२० चा केंद्राचा आदेश "सगळं बंद, अपवाद पुढीलप्रमाणे" असा आहे. अपवादांत रेशन, बँका, एटीएम, पेट्रोलपंप, प्रसारमाध्यमं वगैरे आहेत. व्यायाम हा शब्दच नाही. म्हणजे फिरण्याचा विचार करून ते नाकारलं असंही नाही, ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही. प्रत्येक अपवादामागे एक खातं किंवा एक उद्योग संघटना होती. पहाटे चालणाऱ्यांचं खातं कुठलं?

राज्यात हे नीट बदललं ३१ मे २०२० च्या 'पुनश्च हरिओम' आदेशाने. त्यातला परिच्छेद खरं तर चांगला होता: ३ जूनपासून सकाळी ५ ते संध्याकाळी ७ चालणं, धावणं, सायकल, समुद्रकिनारे, मैदानं, बागा, सोसायट्यांची पटांगणं खुली, घोळका नको, लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवं. चारच दिवसांत पुरवणी आली की खुली व्यायामशाळा, झोके, बार वापरायचे नाहीत. तेव्हा हाताच्या स्पर्शाची भीती मोठी होती, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. खाजगी कार्यालयं ८ जूनपासून १० टक्क्यांवर. म्हणजे या एका टप्प्यात मोकळी जागा आधी आणि बंद खोली नंतर, असा योग्य क्रम होता. पुढे तो टिकला नाही.

२८ जूनला मुंबई पोलिसांची दोन किलोमीटरची मर्यादा आली, खरेदी आणि व्यायाम दोन्हींसाठी. २९ जूनच्या राज्याच्या आदेशात मात्र किलोमीटर नव्हते, 'आसपासचा परिसर' अशा अर्थाचे शब्द होते. हजारो गाड्या जप्त झाल्यावर जुलैच्या सुरुवातीला पोलिसांनीही किलोमीटर सोडून परिसरावर समाधान मानलं. त्या आठवड्यात सायकलने १५ किलोमीटर ऑफिसला जाणं कायदेशीर होतं आणि त्याच सायकलवर व्यायामासाठी ३ किलोमीटर जाणं बेकायदेशीर.

याच २९ जूनच्या आदेशातलं दुसरं वाक्य कमी लोकांनी वाचलंय: खाजगी कार्यालयं "१० टक्के किंवा १० माणसे, यांपैकी जे जास्त असेल ते". म्हणजे गाळ्यात दहा माणसांचं ऑफिस असेल तर ते शंभर टक्के भरलेलं चालेल. आपल्याकडची बहुतेक ऑफिसं अशीच.

आणि आता माझ्या मते खरं कारण. नियम लिहिताना प्रश्न "इथे आजार किती पसरेल" असा नव्हता, "नाक्यावरच्या शिपायाला हे तपासता येईल का" असा होता. कामाला कागद होता: ओळखपत्र, कंपनीचं पत्र, पास. फिरण्याला कागद नव्हता. हे लक्षात घेतलं की तुमच्या बहुतेक विसंगतींचा उलगडा होतो. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर आले, डॉक्टरांचे, भाजीपाल्याचे, अत्यावश्यक सेवांचे, ते याचंच टोक. आठवडाभरात मागे घ्यावे लागले. ज्यांच्या कामालाच कागद नाही, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका, हातगाडीवाले, रोजंदारीचे, त्यांची गत फिरणाऱ्यांसारखीच झाली. तेव्हा हा वाद 'हौस विरुद्ध पोट' असा मांडू नका. 'कागदवाले विरुद्ध बिनकागदाचे' असा मांडलात तर जास्त लोक तुमच्या बाजूने उभे राहतील.

२०२१ चा तपशील वेगळा लिहितो, हे लांबलं.

तळटीप

२०२१. ४ एप्रिलच्या 'ब्रेक द चेन' आदेशात बागा, किनारे, मैदानं सोमवार ते गुरुवार रात्री ८ ते सकाळी ७ बंद, आणि शुक्रवारी रात्री ८ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत सलग बंद. सकाळी ७ ची वेळ संचारबंदीच्या घड्याळातून आली. ती उन्हाळ्यात पहाटे चालणाऱ्यांच्या बरोबर मुळावर येते आणि शनिवार-रविवार बंद म्हणजे नोकरदाराला काहीच उरत नाही, हे आदेश लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. १४ एप्रिलपासून पूर्ण संचारबंदी. शासनाने काढलेल्या प्रश्नोत्तरांत फिरणं, धावणं, सायकल यांच्यापुढे सरळ 'नाही'.

मग ४ जूनचा पाच स्तरांचा आदेश, अंमल ७ जून २०२१ पासून. तुमच्या आराखड्यात बहुधा याचीच नक्कल येणार, म्हणून तो समजून घ्या. निकष दोन: आठवड्याचा बाधित दर (तपासण्यांपैकी किती टक्के बाधित निघाल्या) आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. दर ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांखाली असतील तर पहिला स्तर. दर तोच पण खाटा २५ ते ४० असतील तर दुसरा. दर ५ ते १० किंवा खाटा ४० च्या वर गेल्या की तिसरा. १० ते २० किंवा ६० च्या वर, चौथा. २० च्या वर किंवा ७५ च्या वर, पाचवा. आकडे गुरुवारी, अंमल सोमवारी. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका स्वतंत्र घटक, बाकी जिल्हा हा एक घटक.

मोकळ्या जागा: पहिल्या दोन स्तरांत नेहमीप्रमाणे, तिसऱ्यात रोज सकाळी ५ ते ९, चौथ्यात ५ ते ९ पण शनिवार-रविवार सोडून, पाचव्यात बंद. कार्यालयीन उपस्थिती: १००, १००, ५०, २५, १५ टक्के. ओळी शेजारी ठेवून वाचा. पाचव्या स्तरात बागेत शून्य माणूस आणि कचेरीत १५ टक्के.

५ ची संचारबंदी आणि ६ ते ९ चे खेळ हा तुकडे जोडल्याचा गोंधळ आहे. तक्त्याची एकेक ओळ एकेका विभागाकडून आली असावी, आडव्या ओळी तपासल्या, उभा रकाना कोणी वाचला नाही. खेळाची ओळ विशेष आणि संचाराची सर्वसाधारण, म्हणून विशेष टिकते असा युक्तिवाद करता येतो, पण तो कोर्टात. रस्त्यावर हवालदार संचारबंदीचीच ओळ दाखवणार.

सगळ्यात महागात पडलेली फट मुंबईतली. तिसऱ्या स्तरात खाजगी ऑफिस दुपारी ४ पर्यंत उघडं, पण सर्वसामान्यांना लोकलचा प्रवास नाही. तो थेट १५ ऑगस्ट २०२१ पासून, तेही दोन लशी घेऊन १४ दिवस झालेल्यांना. कामाला परवानगी, कामाच्या प्रवासाला नाही! ती माणसं मग बेस्टच्या बसमध्ये कोंबली गेली. शिवाय आकड्यांवरून मुंबई दुसऱ्या स्तरात बसत असतानाही पालिकेने तिसराच कायम ठेवला, आणि २५ जूनला राज्याने कोणालाच तिसऱ्याच्या खाली उतरता येणार नाही असं ठरवलं. म्हणजे त्यानंतर पहिले दोन स्तर कागदावरच राहिले आणि 'सकाळी ५ ते ९' हा मुंबईचा ऑगस्टपर्यंतचा कायमचा नियम झाला.

झरोका

दुसऱ्या प्रश्नावर, हिशेब. वायुवीजन हा माझा विषय, म्हणून तेवढंच.

हा विषाणू मुख्यतः श्वासातल्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो आणि ते बंद हवेत तासन्‌तास तरंगू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने हे स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०२१ चा एप्रिल उजाडला, त्यामुळे मार्च २०२० च्या आदेशांना या फूटपट्टीने झोडपणं बरोबर नाही. पण मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने लोकांसाठी पत्रक काढलं होतं, त्यात मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, सूक्ष्म थेंब दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघडा, असं लिहिलं होतं. ४ जूनचा तक्ता त्यानंतरचा आहे. त्याला ही सूट नाही.

ऑफिसचं गणित असं. १०० चौरस मीटर जागा, उंची ३ मीटर, म्हणजे ३०० घनमीटर हवा. खिडक्या बंद आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी. हा एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही, हे अजून अनेकांना पटत नाही. फटींतून तासाला एकदा हवा बदलली असं उदारपणे धरू. ३०० घनमीटर तासाला म्हणजे सेकंदाला साधारण ८३ लिटर. वीस माणसं बसली तर माणशी ४ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस माणशी १० लिटरची, म्हणजे या खोलीत आठच माणसं बसावीत. मग ती तिथल्या पटाच्या १० टक्के असोत की ८० टक्के, हवेला काय त्याचं! टक्केवारी मुळात चुकीचं एकक आहे. नियम चौरस मीटर आणि ताज्या हवेवर हवा.

तपासायचं तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर टेबलावर ठेवा. सेन्सर एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारा घ्या. स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि सॅनिटायझरच्या वासाने उड्या मारतात. बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती) आसपास असतो. आत ८०० ते १००० पर्यंत ठीक. आपण सोडलेल्या श्वासात तो ३८ ते ४० हजार असतो, त्यामुळे खोलीत १२०० दिसला तर तुम्ही घेत असलेल्या हवेचा जवळजवळ दोन टक्के भाग कोणाच्या तरी फुफ्फुसातून आलेला आहे. बागेत हा भाग मोजण्याइतकाही नसतो. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसं उभी राहतात, तिथे काय असेल ते तुम्हीच ठरवा. एसी नसलेल्या लोकलची दारं-खिडक्या उघडी असतात एवढाच दिलासा.

बागांच्या वेळा कापण्यावर. समजा तीन मीटर रुंद, एक किलोमीटरचा चालण्याचा गोल मार्ग आहे. एकाच दिशेने, एका रांगेत, पाच मीटर अंतराने चाललं तर एका वेळी २०० माणसं. प्रत्येकी ४५ मिनिटं धरली तर तासाला २६६. चार तासांत हजार-अकराशे, सकाळी ५ ते संध्याकाळी ७ या चौदा तासांत ३,७००. लोक तेवढेच असताना वेळ चौदावरून चारवर आणली तर दाटी साडेतीन पट होते. गर्दी टाळायला वेळ कमी करणं ही उफराटी गोष्ट. आणि पहाटे ५ ला अंधारात किती बायका, किती म्हातारी माणसं बाहेर पडतील? खरी खिडकी ६ ते ९ चीच उरते.

नाक्यावरचा

तळटीप आणि झरोका यांचं गणित मान्य, पण बंदोबस्ताची बाजू कोणी मांडत नाहीये.

चालणारा माणूस पाच मीटर अंतर ठेवून एका दिशेने जातो हे कागदावर. प्रत्यक्षात चौघं मित्र एका ओळीत चालतात, मास्क हनुवटीवर, दोन फेऱ्यांनंतर बाकावर, मग फाटकाबाहेर टपरीवर कटिंग. संसर्ग झाला तर तो तिथे होतो. जून २०२० मध्ये किनारे उघडल्यावर पहिल्याच शनिवार-रविवारी मरिन ड्राइव्हवर काय झुंबड होती ते आठवा. गर्दी थांबली नाही तर पुन्हा बंद करू, असा इशारा मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. एका बागेला चार फाटकं आणि एक शिपाई. त्याला 'एकटा चालणारा चालेल, गप्पा मारणारा नाही' असा नियम दिलात तर दिवसभर वाद घालत बसेल. 'बंद' हा शब्द त्याला कळतो आणि लोकांनाही कळतो.

दुसरं, ४ एप्रिल २०२१ ला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले. त्या आठवड्यात आदेशाचा हेतू फक्त बागेतला संसर्ग रोखणं नव्हता, 'सगळं नेहमीसारखं चालू आहे' हा समज मोडणं होता. तो हेतू चूक म्हणता येईल, पण हेतूच नव्हता असं नाही.

शिक्षेचंही स्पष्ट लिहा. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लावलं जायचं: एक महिना किंवा २०० रुपये, आरोग्याला धोका असेल तर सहा महिने किंवा १,००० रुपये. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे कोर्ट त्याची दखल घेतं ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच, नुसत्या पोलिसांच्या आरोपपत्रावर नाही. इथे असंख्य प्रकरणं लंगडी पडली. २०२२ मध्ये राज्याने हे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं, सरकारी कर्मचाऱ्यांवर हल्ल्याची प्रकरणं वगळून. आता १ जुलै २०२४ पासून कलमं बदलली आहेत: १८८ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं २२३, दंड २,५०० आणि ५,००० रुपयांपर्यंत, कैद सहा महिने आणि एक वर्षापर्यंत, १४४ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, १९५ च्या जागी २१५. तुमच्या आराखड्यात जुनी कलमं राहिली असतील तर तीच पहिली हरकत घ्या, ती नाकारता येणार नाही.

झरोका

@नाक्यावरचा, टपरीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मग टपरी आणि बाक बंद करा, रस्ता कशाला? बागेला कुलूप लावल्यावर तीच चौघं कुणाच्या तरी हॉलमध्ये पंखा लावून बसली, ते शिपायाला दिसलं नाही इतकंच.

नाक्यावरचा

दिसलं नाही म्हणून नोंद नाही, हे खरं आहे. बाक उलटे करून ठेवणं किंवा त्यांना पट्टी बांधणं एका माणसाला जमतं. टपरीसाठी पालिकेचं अतिक्रमण पथक लागतं, ते सकाळी ६ ला येत नाही.

सेनकाठी

पॅरिसच्या बाजूने थोडं, कारण 'कागद' हा मुद्दा इथे उलट्या बाजूने दिसतो.

फ्रान्समध्ये १७ मार्च २०२० पासून घराबाहेर पडायला स्वतः भरलेला फॉर्म लागायचा. नाव, पत्ता, कारणाच्या चौकटीवर खूण, तारीख, निघायची वेळ, सही. कारणांच्या यादीत नोकरी होती, खरेदी होती, दवाखाना होता आणि व्यायाम व कुत्र्याला फिरवणं हीसुद्धा स्वतंत्र चौकट होती. २४ मार्चपासून तिला मर्यादा: दिवसातून एकदा, एक तास, घरापासून एक किलोमीटर. दंड १३५ युरो. ६ एप्रिलपासून फॉर्म मोबाईलवर. म्हणजे फिरण्यालाही कागद दिला गेला, आणि तो द्यायला कुठल्या साहेबाची सही लागत नव्हती.

पण हुरळून जाऊ नका. पॅरिसने ८ एप्रिलपासून सकाळी १० ते संध्याकाळी ७ धावायला बंदी केली, त्यामुळे सगळे धावणारे १० च्या आधी आणि ७ च्या नंतर नदीकाठी एकत्र. झरोका यांचं साडेतीन पटीचं गणित तिथेही तसंच. एक किलोमीटरही इतका अपुरा होता की त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर तो २० किलोमीटर आणि तीन तास असा वाढवला. इंग्लंडमध्ये तर 'दिवसातून एकदाच व्यायाम' हे सरकार सांगत होतं, पण इंग्लंडच्या नियमांत तशी मर्यादाच नव्हती. वेल्सच्या नियमांत होती. सल्ला आणि कायदा यांत रेघ आखली नाही की हे होतं.

पहाटपाखरू

सर्वांचे आभार. 'बिनकागदाचे' हा शब्द मी उचलतोय. आता मसुद्याचं सांगा. परिच्छेद आखूड हवा, सूचनांच्या अर्जात जागा फार नाही.

तळटीप

आखूड करता येईल, पण काही जागा सोडू नका.

सुरुवात 'बंद राहतील' अशी नको. 'पुढील कारणांसाठी घराबाहेर पडता येईल' अशी करा आणि व्यायामाला स्वतंत्र क्रमांक द्या. 'इतर कारणे' मध्ये तो घातलात की गेला.

अंतर किलोमीटरमध्ये नको. प्रभाग किंवा लगतचा प्रभाग, एवढं पुरे. टेकडीवर बाहेरून गाड्या येतील ही भीती असेल तर पार्किंग बंद करा, टेकडी नको. पार्किंगला साखळी लावायला एक माणूस पुरतो.

वेळ सलग आणि मोठी, ५ ते रात्री ८ किंवा ९. संचारबंदीची वेळ आराखड्यात दुसरीकडे येईल, तिथे 'कलम अमुक खालील व्यायाम वगळून' हे शब्द टाकायला लावा, नाहीतर पुन्हा ५ आणि ६ ची तीच टक्कर.

काय बंद ते नाव घेऊन लिहा: झोके, खुल्या व्यायामशाळा, बाक, फाटकापासून ठरावीक मीटरच्या आत खाद्यविक्री. 'गर्दीची ठिकाणे' असला शब्द नको, त्यात सगळं बसतं.

कार्यालयाच्या ओळीत टक्केवारीऐवजी माणशी १० चौरस मीटर आणि उघड्या खिडक्या किंवा तितकी ताजी हवा. शेवटी एक जोडवाक्य: 'ज्या कामास परवानगी आहे त्या कामासाठीच्या प्रवासासही ती आहे असे समजावे; ओळखपत्र नसल्यास काम देणाऱ्याची चिठ्ठी अथवा स्वघोषणा ग्राह्य धरावी.' घरकाम करणाऱ्यांसाठी हे वाक्य फार महत्त्वाचं आहे.

आणि प्रत्येक आदेशाला संपण्याची तारीख. मुदतवाढ द्यायची तर पुरवणीची पुरवणी न काढता सगळा मजकूर एकत्र छापावा. २०२० मध्ये "दि. अमुकच्या आदेशातील परिच्छेद तमुकमध्ये पुढीलप्रमाणे बदल" अशी पानं एकावर एक ठेवून वाचावी लागायची, आणि पोलीस ठाण्यात तिसरं पान पोचलेलं नसायचं.

नाक्यावरचा

वरच्यात एक भर. फाटकं सगळी उघडी ठेवायला सांगा. माणसं वाचवायला पालिका एकच फाटक उघडं ठेवते आणि मग बागेत मोकळं असतं, पण फाटकाशी रांग लागते. एक फाटक आत यायला, बाकीची बाहेर पडायला, आणि बाणाची दिशा जमिनीवर रंगवलेली. फलकाकडे कोणी पाहत नाही.

पहाटपाखरू

आमच्या बागेला दोनच फाटकं आहेत आणि मार्ग दीड मीटर रुंद आहे. मग?

झरोका

दीड मीटरवर ओलांडून पुढे जाता येत नाही, त्यामुळे धावणारे आणि चालणारे एकत्र नकोत. धावणाऱ्यांना ५ ते ६:३०, पुढे चालणारे. एका रांगेचं गणित तेच राहतं, पाच मीटरला एक. मार्गाची लांबी मीटरमध्ये मोजा, पाचाने भागा, तो आकडा फाटकावर लिहा.